दोर ओढणारे आणि पाहणारे

७ आणि ८ जून २०२३ असे दोन दिवस केरळमधल्या चित्रपटगृहांना कुलूप होतं. मालकांच्या संघटनेनंच ती बंद ठेवली होती. जूड अँथनी जोसेफ यांचा '२०१८' हा मल्याळम चित्रपट ५ मेला लागला होता, लोक अजून तिकिटं काढत होते, आणि पाच आठवडे पुरे व्हायच्या आत तो सोनी लिव्हवर घरबसल्या पाहायला मिळणार होता. थिएटर आणि ओटीटी यांच्यात किती दिवसांचं अंतर असावं हा धंद्याचा वाद आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं बरंच आहे. मला मात्र त्या दिवसांत राहून राहून वेगळाच प्रश्न पडत होता. महिनाभर या चित्रपटाला गर्दी करत होते ते लोक कोण? ज्यांच्या घरात २०१८च्या ऑगस्टमध्ये पाणी शिरलं होतं, त्यांतलेच कितीतरी. आलुवा, चेंगन्नूर, कुट्टनाड इथल्या माणसांना पूर कसा असतो ते सांगायला कुणा दिग्दर्शकाची गरज नव्हती. गाळ उपसून, भिंती खरवडून, भिजलेली कागदपत्रं उन्हात वाळवून त्यांनी तो पूर घराबाहेर घालवला होता. मग पाच वर्षांनी पैसे मोजून, मुलाबाळांना घेऊन, अंधारात बसून तोच पूर पुन्हा का पाहायचा?

या पुस्तकातले लेख ज्या विषयाभोवती फिरतात तो विषय या प्रश्नापाशी सुरू होतो. आपत्ती दाखवणारे चित्रपट जगभर ढिगानं निघतात. इथे त्यांतली एकच शाखा घेतली आहे, सर्व्हायव्हल सिनेमाची. माणसं कुठेतरी सापडतात, अडकतात, आणि जगण्यासाठी झगडतात. त्यांना वाचवायला कुणीतरी येतं किंवा येत नाही. असे चित्रपट घरी पाहिले तर गोष्ट कळते. थिएटरात पाहिले तर अंगावर येतात, आणि अंगावर येतात ते केवळ पडदा मोठा असतो म्हणून नव्हे, असं माझं म्हणणं आहे.

आधी त्या पुराबद्दल थोडं. केरळमधली जुनी माणसं '९९च्या पुरा'च्या गोष्टी सांगत. मल्याळम कालगणनेतलं १०९९ साल, म्हणजे आपलं १९२४. नातवंडांना तो पूर आजीच्या गोष्टींतल्या राक्षसाइतकाच लांबचा वाटायचा. मग २०१८ साली इडुक्कीच्या चेरुतोणी धरणाचे दरवाजे २६ वर्षांनी उघडावे लागले. राज्यातल्या ५४ धरणांपैकी ३५ धरणांतून पाणी सोडलं गेलं. कोचीचा विमानतळ १५ ऑगस्टला बंद झाला तो २९ तारखेला उघडला. चारशेऐंशीहून जास्त माणसं गेली, लाखो लोक छावण्यांत राहिले. आणि किनाऱ्यावरचे मच्छीमार आपल्या होड्या ट्रकवर चढवून आतल्या गावांत घेऊन आले. ज्या रस्त्यांवर रिक्षा धावत होत्या तिथे त्यांनी इंजिनं चालवली आणि गच्च्यांवरून, पत्र्यांवरून, नारळीच्या झाडांच्या मधून माणसं काढली. त्या दिवसांत टीव्ही पाहिलेल्या कुणालाही दोन दृश्यं आठवत असतील. बायकांना होडीत चढता यावं म्हणून पाण्यात हातापायांवर वाकलेला एक मच्छीमार, आणि त्याच्या पाठीवर पाय ठेवून चढणाऱ्या त्या बायका. दुसरं, नौदलाच्या हेलिकॉप्टरनं दोरानं उचललेली एक गरोदर स्त्री. आणि नंतर त्या घराच्या गच्चीवर कुणीतरी रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं 'थँक्स'.

'२०१८'नं या सगळ्याची गोष्ट करताना एक फार शहाणपणाचं काम केलं. निम्मा चित्रपट त्यानं पुराला दिलाच नाही. एक जण सैन्यातून भीतीपोटी पळून आला आहे, गावातले लोक त्याला त्यावरून टोमणे मारतात. तो एका अंध दुकानदाराच्या हाताखाली काम करतो. मासेमारी करणाऱ्या घरातला धाकटा मुलगा मॉडेल व्हायची स्वप्नं पाहतो आणि बापाच्या होडीची त्याला लाज वाटते. आखातातून कुणी परत येतं आहे, कुणी ट्रक घेऊन तमिळनाडूतून निघालं आहे. आणि या सगळ्यामागे पाऊस पडतो आहे. पावसाचा आवाज तासभर कानावर पडत राहतो आणि आपण तो ऐकेनासे होतो, जसे पावसाळ्यात ऐकेनासे होतो. मग कधीतरी लक्षात येतं की हा आवाज थांबलेलाच नाही.

हा चित्रपट मी पुण्यात पाहिला, एका मल्टिप्लेक्सात, सकाळच्या खेळाला. प्रेक्षक बहुतेक मल्याळी. रात्रपाळी संपवून आलेल्या नर्स असाव्यात असा मुलींचा एक घोळका, चाकणकडच्या कारखान्यांत काम करणारे काही जण, विद्यार्थी. माझ्या शेजारी साधारण पंचावन्नच्या एक बाई, सोबत त्यांचा मुलगा. पडद्यावर घरात पाणी यायला लागलं तेव्हा त्यांनी चपला काढल्या आणि दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. अगदी सहज, कुणी पाहतंय का याचा विचारही न करता. पुढे बराच वेळ त्या तशाच बसून होत्या. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना वाटलं असावं की मी काही विचारणार आहे. मी काहीच विचारलं नव्हतं. त्यांनी हात आडवा करून छातीशी धरला आणि म्हणाल्या, "हमारे घर में इतना था." मग मुलानं आणलेल्या पुड्यातलं पॉपकॉर्न माझ्यापुढे धरलं.

ही एवढीच देवाणघेवाण. पण मला वाटतं की थिएटरातल्या सर्व्हायव्हल सिनेमाचं सगळं बळ तिथे आहे. संकटातून वाचण्याच्या गोष्टीचा गाभा काय असतो? तुमचा जीव अशा माणसाच्या हातात असतो, ज्याला तुम्ही कधी भेटलेला नसता. होडीवाल्याला तुमचं नाव माहीत नसतं. हेलिकॉप्टरच्या दोराला लटकून खाली आलेल्या जवानाला तुमची जात, पगार, राजकारण, काही ठाऊक नसतं. आणि ही गोष्ट तुम्ही पाहत असता तेव्हाही आजूबाजूला बसलेले दोनतीनशे लोक अनोळखीच असतात. पडद्यावर जे चाललं आहे आणि खुर्च्यांवर जे चाललं आहे, त्यांची जात एक होते. घरी सोफ्यावर आपण आपल्या माणसांत असतो. आपल्या माणसांनी आपल्याला वाचवावं यात नवल नसतं. प्रेमकथा घरी पाहिली तरी तिचं फार बिघडत नाही, विनोदी चित्रपटाचं थोडं बिघडतं. पण अनोळखी माणसांवर भरवसा ठेवण्याची गोष्ट अनोळखी माणसांशिवाय पाहिली तर तिचा अर्धा अर्थ बाहेरच राहतो.

यात दुसरी बाजू वेळेची आहे. अडकलेल्या माणसाचं मुख्य काम म्हणजे वाट पाहणं. भूक, थंडी, जखम हे सगळं त्या वाट पाहण्याच्या आत असतं. घरी रिमोट हातात असतो. आपण थांबवतो, पाणी पिऊन येतो, फोन घेतो, फारच असह्य झालं तर दहा सेकंद पुढे सरकवतो. खड्ड्यात पडलेल्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही. थिएटरात प्रेक्षकही अडकलेला असतो. उठून जाणं शक्य असतं, पण अंधारात, लोकांच्या गुडघ्यांना घासत, मान खाली घालून. म्हणून बसतो. आणि बसल्यामुळेच ते वाट पाहणं थोडं का होईना, त्याच्या वाट्याला येतं.

स्पॅनिश दिग्दर्शक हुआन अंतोनियो बायोना यांचे दोन चित्रपट शेजारी ठेवले की हे फार स्पष्ट दिसतं. 'द इम्पॉसिबल' (२०१२) हा २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीवरचा, थायलंडमधल्या खाओ लाक इथे सुटीला गेलेल्या एका कुटुंबाचा. तो सुरू होतो काळ्या पडद्यानं. काही दिसत नाही, फक्त एक घरघर वाढत जाते, आणि काय येणार आहे हे ठाऊक असल्यामुळे थिएटरातला प्रत्येक जण ती लाटच समजतो. मग पडदा उजळतो आणि डोक्यावरून एक विमान जातं. त्या काही क्षणांत बायोना यांनी प्रेक्षकाला सांगून टाकलेलं असतं की या चित्रपटात भीती कानातून येणार आहे. पुढे लाट येऊन गेल्यावर जखमी आई आणि मोठा मुलगा सुरक्षित जागा शोधत असतात, तेवढ्यात कुठूनतरी एका लहान मुलाचं रडणं ऐकू येतं. मुलाला तिथे थांबायचं नाही, पुन्हा लाट आली तर? आई हटून बसते. ते त्या मुलाला शोधतात, सोबत घेतात, आणि झाडावर बसल्यावर ते अनोळखी पोर त्या रक्ताळलेल्या बाईला हळूच कुरवाळतं. त्सुनामीचं इतकं प्रचंड दृश्य उभारलेला हा चित्रपट माझ्यापुरता त्या चिमुकल्या हातापाशी आहे.

बायोना यांचा दुसरा, 'सोसायटी ऑफ द स्नो' (२०२३). १३ ऑक्टोबर १९७२ रोजी उरुग्वेच्या हवाई दलाचं विमान अँडीज पर्वतात कोसळलं. विमानात ४५ जण, बरेचसे एका रग्बी संघातले तरुण आणि त्यांचे मित्र-नातेवाईक. ७२ दिवसांनी परतले १६. हिमाच्या कड्यानं मोडक्या विमानालाही गाडून टाकलं, मेलेल्या मित्रांचं मांस खाऊन उरलेल्यांनी दिवस काढले, आणि शेवटी दोघे जण पर्वत ओलांडून चिलीत पोचले तेव्हा बाकीच्यांची सुटका झाली. ही गोष्ट पूर्वीही पडद्यावर आली होती. बायोना यांनी ती न्यूमा तुरकात्ती या तरुणाच्या तोंडून सांगितली, आणि हा न्यूमा वाचलेल्यांत नाही. वाचलेल्यांच्या गोष्टीला न वाचलेल्याचा आवाज दिला. शेवटाकडे रेडिओवर वाचलेल्यांची नावं वाचली जातात. १९७२ साली ती यादी वाचली होती कार्लोस पाएझ विलारो यांनी, आणि त्या यादीत त्यांच्याच मुलाचं नाव होतं. चित्रपटात ही वडिलांची भूमिका केली आहे त्या मुलानं, कार्लितोस पाएझ यांनी, म्हातारपणी. हे ठाऊक असताना तो प्रसंग कोरड्या डोळ्यांनी पाहणं अवघड आहे. पण हा चित्रपट जगातल्या बहुतेकांनी नेटफ्लिक्सवर पाहिला, भारतातही घरीच पाहिला गेला. हिमाखाली गाडलेल्या विमानात माणसं अंगाला अंग लावून दिवसामागून दिवस काढतात, तो भाग मोठ्या पडद्यावर, भोवती माणसांची ऊब असताना पाहायला मिळायला हवा होता.

आवाजाबद्दल थोडं तपशिलात जायला हवं, कारण थिएटरातल्या या अनुभवाचा मोठा भाग डोळ्यांचा नसतोच. १९७४ साली हॉलिवूडच्या 'अर्थक्वेक'साठी युनिव्हर्सल स्टुडिओनं 'सेन्सराउंड' नावाची यंत्रणा काढली. थिएटरात प्रचंड स्पीकर बसवायचे आणि भूकंपाच्या दृश्यात इतक्या खालच्या पट्टीतला आवाज सोडायचा की तो कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त कळावा. लॉस एंजेलिसच्या चायनीज थिएटरात तर छताचे पोपडे प्रेक्षकांवर पडू नयेत म्हणून जाळी लावली होती. चित्रपट म्हणून 'अर्थक्वेक' आज फारसा टिकत नाही. त्यातली युक्ती मात्र टिकली. आपण '५.१' म्हणतो त्यातला शेवटचा '.१' हा अशाच घुमणाऱ्या आवाजासाठी राखलेला मार्ग असतो, साधारण १२० हर्ट्‌झच्या खालच्या. पुराचा लोंढा, दरड, कोसळणारा डोंगर हे सगळं तिथून येतं. तो आवाज घरच्या टीव्हीच्या स्पीकरमधून निघतच नाही, कारण तेवढी हवा हलवायची ताकद त्यात नसते. खुर्ची थरथरते तेव्हा शरीराला ते खरंच वाटतं. हे नाटक आहे हे डोक्याला ठाऊक असतं आणि पोटाला नसतं.

पण थिएटर दणाणून सोडणं हे तुलनेनं सोपं काम. त्याहून अवघड आहे ते शांत करणं, आणि इथे मला 'मंजुम्मेल बॉइज'कडे यायचं आहे. चिदंबरम यांचा हा मल्याळम चित्रपट २२ फेब्रुवारी २०२४ला आला आणि जगभरात दोनशे कोटींच्या पुढे गेलेला पहिला मल्याळम चित्रपट ठरला. घटना खरी आहे, २००६ सालची. कोचीजवळच्या मंजुम्मेल गावातली पोरं गाडी करून कोडाईकनालला जातात. तिथल्या एका गुहेत १९९१ साली कमल हासनच्या 'गुणा'चं चित्रीकरण झालं होतं, तेव्हापासून तिला लोक 'गुणा केव्ह्ज'च म्हणतात. इंग्रजांच्या काळात तिचं नाव 'डेव्हिल्स किचन' होतं. पोरं कुंपण ओलांडून आत जातात. दंगा चालू असतो. आणि चालता चालता त्यांच्यातला एक, सुभाष, डोळ्यांदेखत नाहीसा होतो.

तो पडतो तो क्षण दिग्दर्शकानं जवळजवळ उडवून लावल्यासारखा दाखवला आहे. ना संगीत चढतं, ना कॅमेरा ताणतो. आत्ता होता, आता नाही. मित्र त्या काळ्या भोकाशी पालथे पडून त्याच्या नावानं ओरडतात. आवाज खाली जातो, भिंतींवर आपटत जातो, आणि परत काहीच येत नाही. पुन्हा हाक, पुन्हा काही नाही. मी पाहत होतो त्या खेळाला थिएटर जवळपास भरलेलं होतं, आणि त्या हाकांच्या मधल्या वेळात वेफर्सच्या पुड्याचा आवाजदेखील ऐकू येत नव्हता. शेकडो माणसं उत्तर येतंय का ते ऐकत होती. पडद्यावरच्या पोरांइतकाच कान देऊन. चित्रपट पाहताना आपण बहुधा पात्रांकडे पाहत असतो. इथे पात्रं आणि प्रेक्षक एकाच दिशेला तोंड करून, एकाच भोकाकडे कान लावून होते.

मग पाऊस येतो. पाणी उतारानं खड्ड्याकडे धावायला लागतं, आणि ही पोरं काय करतात? चिखलात आडवी झोपतात. आपल्या अंगांचा बांध घालतात. बाहेर पोलिसांनी त्यांना आधी मारलेलं असतं, ऐकून घेतलेलं नसतं. इथे पडलेलं माणूस परत येत नाही असं गावातले लोक सांगत असतात. खाली उतरायला कुणी तयार नसतं. शेवटी त्यांच्यातलाच एक, कुट्टन, कमरेला दोर बांधून उतरतो. चित्रपटाच्या सुरुवातीला एका लग्नात ही पोरं रस्सीखेच खेळलेली असतात आणि हरलेली असतात. तेव्हा तो नुसता धिंगाणा वाटतो. आता तोच दोर त्यांच्या हातात असतो आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला दोन जीव. कलादिग्दर्शक अजयन चालिस्सेरी यांनी ही गुहा पेरुंबावूरच्या एका गोदामात उभारली होती. हे वाचल्यावरसुद्धा माझा त्या दगडांवरचा विश्वास कमी झाला नाही.

ते दोर ओढायला लागतात तेव्हा 'गुणा'मधलं इलैयाराजांचं गाणं सुरू होतं. प्रियकरानं प्रेयसीसाठी लिहिलेल्या पत्राचं ते गाणं. तेहतीस वर्षं तमिळ आणि मल्याळी माणसांच्या कानात ते प्रेमगीत म्हणून होतं, आणि त्या एका जागी ते मित्रांचं गाणं होऊन बसलं. पुण्यातल्या त्या थिएटरात शिट्ट्या वाजल्या, पण मला त्याहून जास्त लक्षात राहिला माझ्या पुढच्या रांगेतला एक कॉलेजातला मुलगा. पडद्यावरची पोरं मागे रेलून ओढत होती तसतसा तोही मुठी आवळून खुर्चीत मागे रेलत होता, त्याची खुर्ची करकरत होती. त्याच्या बाजूचाही. थोड्या वेळानं मी माझ्या हातांकडे पाहिलं तर तेही आवळलेले होते. तमिळनाडूत हा चित्रपट मल्याळममध्येच कितीतरी आठवडे चालला. तिथल्या लोकांना गाणं आपलं होतं, पोरं परकी होती, आणि ती परकी राहिली नाहीत.

मंजुम्मेलच्या पोरांची ती घटना घडली त्याच वर्षी, म्हणजे २००६च्या जुलैमध्ये, हरियाणात कुरुक्षेत्राजवळ एक लहान मुलगा बोअरवेलच्या खड्ड्यात पडला होता आणि लष्करानं त्याला सुमारे दोन दिवसांनी सुखरूप काढलं होतं. सगळा देश टीव्हीसमोर होता. ती खरी घटना, हा नट-नट्यांचा खेळ, तरी परिणाम उलटा का व्हावा? मला वाटतं, टीव्हीवरच्या त्या मुलाकडे आपण येऊन-जाऊन पाहत होतो. मधे जाहिराती होत्या, मधे जेवण होतं, निवेदकाचा आरडाओरडा होता. काळजी खरी होती, पण ती प्रत्येक घरात वेगवेगळी होती.

मल्याळम चित्रपटांची नावं इथे वारंवार येत आहेत, त्याला कारण आहे. भरतन यांनी १९९०मध्येच बोअरवेलमध्ये पडलेल्या मुलीवर 'मालूट्टी' केला होता. तिक्रितमध्ये अडकलेल्या नर्सेसवर 'टेक ऑफ' (२०१७), निपाहच्या साथीवर 'व्हायरस' (२०१९), फ्रीझरच्या खोलीत कोंडल्या गेलेल्या मुलीचा 'हेलन' (२०१९), दरडीखाली गाडलेल्या माणसाचा 'मलयनकुंजू' (२०२२). या परंपरेत नायक क्वचितच एकटा असतो. कुणीतरी टॉर्च धरतं, कुणी दोर, कुणी फोन करत राहतं. गर्दीला चेहरे असतात. हॉलिवूडच्या '२०१२' (२००९) सारख्या चित्रपटात अख्खं लॉस एंजेलिस समुद्रात घसरतं आणि एका कुटुंबाची गाडी त्यातून निसटते की नाही एवढंच आपण पाहतो. मागे किती लाख माणसं गेली त्याचं कुणाला काही नाही. असे चित्रपट मी पाहतो, त्यांतली कारागिरी मला आवडते, पण त्यांना सर्व्हायव्हल सिनेमा म्हणायला माझं मन तयार होत नाही.

या प्रकाराचे दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 'द इम्पॉसिबल'मधलं खरं कुटुंब स्पॅनिश होतं, पडद्यावर ते ब्रिटिश झालं. आणि ज्यांच्या किनाऱ्यावर ही लाट आली ते थाई लोक जवळपास मदतनीस म्हणूनच दिसतात. '२०१८'वर केरळमध्ये टीका झाली की सरकारी यंत्रणेनं केलेलं काम त्यात पुसट झालं. मला त्यातली दुसरी उणीव अधिक खटकते: धरणं वेळेत रिकामी करायला हवी होती का, या त्या वेळी गाजलेल्या प्रश्नाच्या जवळून तो निघून जातो. माणसाच्या चांगुलपणावर डोळे ओले करताना संकट आणलं कुणी हे विचारायचं राहून जातं, आणि थिएटरातला तो एकजीव झालेला जमाव भावनेच्या भरात ते विचारतही नाही. इथे यश चोप्रांचा 'काला पत्थर' (१९७९) आठवावा. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला इथल्या कोळशाच्या खाणीत पाणी घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. त्या घटनेवर बेतलेल्या त्या चित्रपटात गाणी आहेत, तारे आहेत, मारामाऱ्या आहेत, पण पाणी येतं तेव्हा प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं की ते कुणाच्या हावेमुळे आलं. रडू आणि राग एकाच वेळी येतो. मला वाटतं तो जास्त प्रामाणिक आहे.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना आपली नावं येऊ लागली असतील. २६ जुलै २००५: सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि रस्त्यावर अडकलेल्यांना चहा-बिस्किटं देणारे, घरात झोपायला जागा देणारे लोक. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून झोपलेली गावं. ३० जुलै २०१४ला दरडीखाली गेलेली माळीण, जिथे नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गावच जागेवर दिसलं नाही. यांवर मोठ्या पडद्यासाठी, पूर्ण ताकदीनं केलेले चित्रपट पाहायची माझी फार इच्छा आहे. पण वर सांगितलेलं सगळं खरं असेल तर या घटना एकसारख्या नाहीत. केरळच्या पुरातून बहुतेक माणसं वाचली, म्हणून ती थिएटरात येऊ शकली. माळीणची गोष्ट पाहायला माळीणमधलं कोण येणार? तिथे जे उरले त्यांना आधी विचारावं लागेल, आणि ते नको म्हणाले तर थांबावं लागेल. किल्लारीतले लोक तीस वर्षं नव्या वसाहतींत राहत आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना अजूनही पक्क्या छताखाली झोप लागत नसेल. त्यांच्यापुढे '.१'मधून भूकंप सोडायचा का, याचं उत्तर तंत्रज्ञानं आवाज मिसळायच्या आधी द्यायला हवं.

पानशेत मात्र करता येईल आणि करायला हवा. १२ जुलै १९६१. बांधकाम अर्धवट असलेलं धरण खचायला लागलेलं, आणि जवान रात्रभर पोत्यांमागून पोती रचत राहिलेले. त्यांनी काही तास रेटून धरलं म्हणून पाणी पुण्यात दिवसा आलं, लोक जागे असताना. रात्री आलं असतं तर काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. त्या जवानांना पुण्यातलं कुणी ओळखत नव्हतं. नदीकाठच्या पेठांतून टेकड्यांकडे पळणाऱ्या लोकांना आपल्यासाठी कुणी रात्रभर मातीत उभं होतं हे ठाऊक नव्हतं. आणि हे धरण असं का बांधलं गेलं, कुणाच्या घाईनं, हा रागाचा प्रश्नही त्यात आहेच. त्या सकाळी जी मुलं दहा वर्षांची होती ती आता पंचाहत्तरीला आली आहेत. अजून ती जिना चढून बाल्कनीत येऊन बसू शकतात, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाला हात आडवा धरून पाणी कुठवर होतं ते दाखवू शकतात. कुणाला हा चित्रपट करायचा असेल तर पटकथेला याच वर्षी बसावं.